बाबांच्या फाईलमधले दोन कागद

आज सकाळी बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "काका, सर्व्हिस सरकारी होती का? पेन्शनर?" बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "सरकारीच म्हणायची. पण पेन्शन नाही." ती म्हणाली, "मग खासगी लिहू?" आणि बाबांनी मान हलवली.

चौतीस वर्षं. आणि 'खासगी'ला मान हलवली! तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

बाबा घरबांधणीच्या एका सरकारी मंडळात होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. लिपिक म्हणून लागले, अधीक्षक होऊन २०१२ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. गाळ्यांची भाडेवसुली, हप्त्यांची खाती, सोडतीच्या आधी अर्जांचे गठ्ठे, नंतर देकारपत्रं. आमच्या लहानपणी रविवारीसुद्धा कुणी ना कुणी पावती घेऊन दारात उभं असायचं, "साहेब, नाव लागलं का बघा ना."

दुपारी ते झोपले तेव्हा मी त्यांची निळी फाईल काढली. त्यात दोन कागद आहेत, दोन्ही २००९ चे. पहिला निवडणुकीचा. विधानसभेचं मतदान १३ ऑक्टोबरला होतं, बाबांची मतदान अधिकारी म्हणून नेमणूक, आणि खाली दम की हजर न झाल्यास कायदेशीर कारवाई होईल. दुसरा त्यांच्याच कार्यालयाचा. सहाव्या वेतन आयोगाचा निर्णय शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे, आपल्याबाबत स्वतंत्र आदेश निघाल्यावर कळवण्यात येईल.

एकच माणूस, एकच वर्ष. मतदान केंद्रावर पाठवायला सरकारी, पगार द्यायच्या वेळी नाही.

आणि हे चुकून झालेलं नाही, कायद्यातच असं आहे. म्हाडाचंच घ्या. १९७६ चा विधिमंडळाने केलेला कायदा, ५ डिसेंबर १९७७ ला प्राधिकरण उभं राहिलं. उपाध्यक्ष आयएएस अधिकारी, धोरण मंत्रालयातून. कायद्याने उभारलेल्या अशा संस्थेतला माणूस भारतीय दंड संहितेच्या कलम २१ प्रमाणे 'लोकसेवक' होता, आता न्याय संहितेतही तसाच आहे. लाचलुचपत खात्याला तो लोकसेवक म्हणून चालतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५९ खाली निवडणुकीलाही चालतो. पण घटनेच्या कलम ३११ चं, म्हणजे चौकशीशिवाय बडतर्फ न होण्याचं, संरक्षण मागायला गेला, की तो 'नागरी सेवेत' नाही, महामंडळाचा नोकर आहे! सुप्रीम कोर्टाने १९७५ साली सुखदेव सिंग खटल्यात अशा संस्थांच्या सेवानियमांना कायद्याचं बळ आहे असं सांगितलं, त्याचा आधार आहे. पण ३११ नाही ते नाहीच.

मला राग याचा येतो. पकडायचं असेल तेव्हा आमचा आणि द्यायचं असेल तेव्हा कोण तुम्ही?

हो, घरं वाटणाऱ्या कार्यालयांत टेबलाखालून घेणारे होते आणि आहेत. मान्य. मग त्यांना पकडा ना. त्यासाठी बाबांचं काय कापायचं?

त्या ऑक्टोबरचं मला अजून आठवतं. बाबांना ताप होता. आई म्हणाली, डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या आणि राहा घरी. बाबा म्हणाले, "अगं, सरकारी काम आहे, नाही कसं म्हणायचं?" मतदानाच्या आदल्या रात्री शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपले, उशाशी मतदान यंत्रांच्या पेट्या. दुसऱ्या दिवशी पेट्या जमा करून घरी आले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. आईने भात गरम केला. दोन घास खाल्ले आणि पाटावरच डोळे मिटून बसले.

स्वतंत्र आदेशाचा कागद त्याच वर्षी आला. त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. फाईलला लावला, बस्स.

तुमच्यातले काही म्हणतील, मंडळाचं उत्पन्न वेगळं, तिजोरीवर भार कशाला. असेल वेगळं. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांनाही जुनी पेन्शन नव्हतीच, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये सगळे संपावर गेले, हेही ठाऊक आहे. पण ते 'आमची काढून घेतली' म्हणून भांडू तरी शकले. बाबांना ती कधी लागूच नव्हती, भांडायचं कुणाशी? एसटीवाल्यांनी २०२१ च्या हिवाळ्यात महामंडळाचं शासनात विलीनीकरण मागितलं तेव्हा लोक त्यांना हट्टी म्हणाले. मला तेव्हाही ते हट्टी वाटले नाहीत.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात म्हाडाच्या ५६५ जागांची परीक्षा पेपरफुटीमुळे आदल्या रात्री रद्द झाली. किती पोरं रात्रीतच गावाहून निघाली होती. त्या पोरांच्या घरी विचारा, मुलगा कशाची तयारी करतोय? "सरकारी नोकरीची." हेच सांगतील. त्यांना कुणी आधी समजावतं का, की बाबा रे, अर्धीच सरकारी आहे?

मला फार मोठं काही नकोय. ज्याला कायदा लोकसेवक म्हणतो, त्याला वेतनाचा आणि निवृत्तीचा प्रत्येक शासन निर्णय त्याच तारखेपासून लागू करा. 'स्वतंत्र आदेश' ही वाट बघायला लावणारी ओळच काढून टाका.

आत्ता बाबा उठले. एका डोळ्यावर पट्टी, तरी फाईल दिसलीच. "ते कागद होते तसे लाव हं, तारखेप्रमाणे," म्हणाले. लावले. रडू आलं, ते त्यांना दिसलं नाही.

उद्या पट्टी काढायला परत जायचंय. त्या फॉर्मवरचं 'खासगी' मी खोडायला लावणार आहे.