न तोललेले हृदय आणि आजचे घोडे

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "मामा, यातला हृदयाचा आकडा माझ्या निबंधात घातला तर चालेल ना?" ती पशुवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हा संदेश मी याआधी चार-पाच ठिकाणी पाहिला होता आणि दर वेळी सोडून दिला होता; पण तो तिच्या वहीपर्यंत पोहोचला म्हटल्यावर गप्प बसवेना.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: शर्यतीचा खरा घोडा एकच झाला, तो १९७३ चा अमेरिकेचा सेक्रेटेरिएट, शवविच्छेदनात त्याचे हृदय तोलले तेव्हा ते २२ पौंड भरले, म्हणूनच बेलमाँटच्या शर्यतीतली त्याची वेळ पुढे कोणालाही गाठता आली नाही, अलीकडच्या दशकांतले नावाजलेले घोडे केवळ जाहिरातीने मोठे झाले. इंग्लंडचा फ्रँकेल देशाबाहेर गेला नाही, ऑस्ट्रेलियाची घोडी ब्लॅक कॅव्हियर गेली आणि उघडी पडली, तिथल्याच विंक्स या घोडीने दुबळ्यांना हरवले आणि अमेरिकेचा फ्लाइटलाइन तर सहाच शर्यती धावला.

आधी हृदयाचे पाहू, कारण संदेशाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. सेक्रेटेरिएटला खुरांच्या दाहाच्या असाध्य दुखण्यामुळे ऑक्टोबर १९८९ मध्ये वेदनामुक्त मरण देण्यात आले आणि केंटकी विद्यापीठाचे डॉ. टॉमस स्वेर्चेक यांनी त्याचे शवविच्छेदन केले. त्यांना हृदय विलक्षण मोठे दिसले, निरोगी दिसले. मात्र त्यांनी ते तोलले नाही. पुढे १९९३ मध्ये शॅम मेला. हा १९७३ च्या केंटकी डर्बीत आणि प्रीकनेसमध्ये सेक्रेटेरिएटच्या मागे दुसरा आलेला घोडा. त्याचे हृदय स्वेर्चेक यांनी प्रत्यक्ष तोलले, ते १८ पौंड भरले, आणि त्यावरून आठवणीच्या आधारे त्यांनी सेक्रेटेरिएटचे हृदय २२ पौंडांच्या आसपास असावे असा अंदाज सांगितला. अनुभवी डॉक्टरचा अंदाज म्हणून त्याला मान आहे, पण 'असावे' चे 'भरले' झाले की तो आकडा निबंधात घालण्याच्या लायकीचा राहत नाही.

आता या गोष्टीतला तोललेला आकडा घेऊ. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्याचे हृदय साधारणपणे ४ ते ५ किलोंचे असते. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले फार लॅप या ऑस्ट्रेलियात गाजलेल्या घोड्याचे हृदय ६.२ किलोंचे आहे आणि ते पाहायला आजही लोक जातात. शॅमचे १८ पौंड म्हणजे ८ किलोंच्या वर; म्हणजे हृदयाच्या वजनावर घोडा ठरवायचा तर शॅम फार लॅपच्याही पुष्कळ पुढे हवा. हाच शॅम त्याच वर्षीच्या बेलमाँटमध्ये सेक्रेटेरिएटबरोबर सुरुवातीपासून भिडला, अर्ध्या वाटेनंतर ढेपाळला आणि पाच घोड्यांत शेवटचा आला. ज्या शर्यतीच्या जोरावर संदेश हृदयाचे गोडवे गातो, त्याच शर्यतीत तोललेले मोठे हृदय तळाला होते, याची संदेश लिहिणाऱ्याला गंधवार्ताही नसावी. मोठे हृदय दर ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलते आणि त्याचा दमाला उपयोग होतो, एवढे मी मान्य करतो. पण दम म्हणजे वेग नव्हे, आणि पायांची ठेवण, फुफ्फुसे, स्नायू, स्वभाव आणि पाठीवरचा जॉकी यांचे काम एकटे हृदय करत नाही.

वेळेच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने का होईना मान्य करावे लागते. डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या ट्रिपल क्राउनच्या तिन्ही शर्यतींतले त्या-त्या शर्यतीचे विक्रम आजही सेक्रेटेरिएटच्याच नावावर आहेत, आणि बेलमाँटचे २ मिनिटे २४ सेकंद व ३१ लेंग्थचे (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) अंतर पाहून आजही थक्क व्हायला होते. पण प्रीकनेसची वेळ विजेच्या घड्याळाने चुकीची दाखवली होती आणि ती १ मिनिट ५३ सेकंद असल्याचे चित्रफिती तपासून २०१२ मध्ये, म्हणजे ३९ वर्षांनी, अधिकृत झाले. घड्याळावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. शिवाय बेलमाँटची ती शर्यत मातीवरची. २०१८ च्या जपान कपमध्ये अल्मंड आय ही घोडी टोकियोच्या कडक हिरवळीवर २४०० मीटर २ मिनिटे २०.६ सेकंदांत धावली. बेलमाँटचे अंतर याहून १४ मीटरच जास्त, म्हणजे त्याने पडणारा फरक एका सेकंदाहूनही कमी. म्हणून अल्मंड आय सेक्रेटेरिएटहून मोठी ठरते का? मुळीच नाही. पृष्ठभाग बदलला की घड्याळ तुलनेला निरुपयोगी होते, एवढेच यातून निघते.

मग तुलना करायची कशी? जगभरचे अधिकृत हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांची कुवत मोजून कोणावर किती वजन चढवायचे ते ठरवणारे, एकत्र बसून दर वर्षी क्रमवारी लावतात, आणि माझ्या मते हातात असलेले सर्वात भक्कम साधन तेच आहे. त्यातला आकडा पौंडांत असतो: एकाला १४० आणि दुसऱ्याला १३० दिले, तर दोघांना बरोबरीत आणायला पहिल्याच्या पाठीवर १० पौंड जास्त वजन चढवावे लागेल, असा त्याचा अर्थ. हा आकडा घोडा किती लेंग्थने जिंकला एवढ्यावर ठरत नाही. हरलेले घोडे आधी आणि नंतर काय करतात, तेही पाहिले जाते. फ्रँकेलला २०१२ मध्ये १४० मिळाले. त्याच वेळी जुने आकडे नव्याने जुळवताना १९८० च्या दशकातल्या डान्सिंग ब्रेव्ह या घोड्याचे १४१ वरून १३८ केले गेले. मुहूर्त संशय यावा असाच होता, हे नाकारत नाही. पण त्या फेरजुळणीत एकट्या डान्सिंग ब्रेव्हचेच नव्हे, तर त्या काळातल्या इतर घोड्यांचेही आकडे खाली आले.

फ्रँकेल इंग्लंडबाहेर गेला नाही आणि साडेदहा फर्लांगांपलीकडे (सुमारे २१०० मीटर) धावला नाही, हे दोन्ही खरे. बाहेरचे घोडे मात्र त्याच्याकडे आले. सिरस देझेग्ल हा फ्रान्सचा घोडा २०१२ मध्येच दुबईत जिंकून आलेला, ओल्या जमिनीवर फुलणारा. त्याला फ्रँकेलने इंग्लंडमधल्या अॅस्कॉटच्या मैदानावरच्या चिखलात, गेटमधून उशिरा निघूनही, पावणेदोन लेंग्थने मागे टाकले. एक्सेलेब्रेशन हा घोडा फ्रँकेलकडून पाच वेळा हरला आणि फ्रँकेल समोर नसताना मोठ्या शर्यती जिंकत राहिला. २०११ ची टू थाउजंड गिनीज ही इंग्लंडमधली मोठी शर्यत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी: अर्ध्या अंतरातच बाकीचे घोडे इतके मागे पडतात की पडद्यावर एकटा फ्रँकेल उरतो, आणि आपल्याला वाटते की बाकीच्यांनी शर्यत सोडून दिली. तरीही रॉयल अॅस्कॉटच्या शर्यतींत त्याच वर्षी तो घाई करून जेमतेम पाऊण लेंग्थने जिंकला होता, हेही सांगितले पाहिजे. १४ पैकी १४ या आकड्यात असे दिवसही आहेत.

ब्लॅक कॅव्हियर 'उघडी पडली' हे वाचून मात्र संताप येतो. जून २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातून अॅस्कॉटपर्यंतचा प्रवास करून ती धावली, जॉकीने शेवटच्या टप्प्यात जिंकलोच समजून तिला सैल सोडले आणि ती एका डोक्याच्या अंतराने जिंकली. नंतर तपासणीत तिचे स्नायू फाटलेले आढळले. अशा अवस्थेतही न हरलेल्या घोडीला कोणी उघडी पडली म्हणत असेल, तर त्याला घोड्याच्या अंगाची काही जाण नाही. पुढेही धावून ती २५ पैकी २५ वर निवृत्त झाली.

विंक्सबद्दल थोडक्यात: सलग ३३ विजय, कॉक्स प्लेट ही ऑस्ट्रेलियातली मोठी शर्यत चार वेळा, आणि २०१८ च्या शेवटच्या कॉक्स प्लेटमध्ये तिच्या मागे दुसरा आला तो बेनबाटल, जो त्याच वर्षी दुबईत मोठी शर्यत जिंकला होता. दुबळा म्हणावा असा तो नव्हता. ती ऑस्ट्रेलियाबाहेर गेली असती तर मलाही आवडले असते.

उरला फ्लाइटलाइन. सहाच शर्यती, हे खरेच, आणि त्याच्याविरुद्धचा हा एकमेव आक्षेप मला पटतो. पण २०२२ ची पॅसिफिक क्लासिक तो १९¼ लेंग्थने जिंकला, ब्रीडर्स कप क्लासिक ८¼ लेंग्थने, आणि हँडिकॅपरांनी त्यालाही १४० च दिले. मी फ्रँकेलला केसभर पुढे ठेवतो, कारण तो वयाच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अशा तिन्ही वर्षी धावला आणि हरला नाही. भाचीने आकडा खोडला आहे, पण फ्रँकेलबद्दल ती माझ्याशी सहमत नाही. तिचा घोडा फ्लाइटलाइनच, आणि १९¼ लेंग्थपुढे माझे फारसे चालत नाही.