पर्यावरण सांभाळून हायवे कसा बांधावा: खान्देशातून काही फुकटचे सल्ले

मे महिन्यात दुपारी साडेतीनला नव्या चौपदरी हायवेवर आमच्या गाडीचं मागचं टायर बसलं. कोणता तुकडा ते सांगत नाही, आपल्याकडच्यांना कळलंच असेल. सोबत आई, वय 74. पारा 45 ला टेकलेला, रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि नजर जाईल तिथवर ना टपरी ना झाड. शेवटी आईला कुठे बसवलं, तर 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहिलेल्या हिरव्या बोर्डाच्या सावलीत. बोर्ड मोठा होता म्हणून निभावलं. सावली सरकली की आई पण सरकायची. पाऊण तास हेच चाललं होतं.

त्या पाऊण तासात माझ्या लक्षात आलं की पर्यावरण सांभाळून हायवे बांधणं हे एक शास्त्र आहे भाऊ. ज्यांना पुढचा तुकडा बांधायचाय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, फी नाही.

सगळ्यात आधी कागद. जनसुनावणीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या हरकती ऐकायच्या, भानगडीत शक्यतो पडूच नका. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत ती आहे, पण 2013 च्या दुरुस्तीनं वाट मोकळी करून दिलीय, असलेलाच हायवे रुंद करायचा आणि लांबी 100 किलोमीटरच्या आत बसवली की पर्यावरण मंजुरीची कटकटच नाही. म्हणून रस्ता अख्ख्या घडानं काढायचा नाही, फण्या सोडवून काढायच्या. एक फणी 80 किलोमीटरची, दुसरी 90 ची. केळीवाल्या मुलखात हे शिकवायला लागू नये. आणि सुनावणी घ्यावीच लागली तर ऐन पेरणीत घ्या, जाडजूड अहवाल इंग्रजीत, मराठीत तेवढा सारांश.

धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारा. साहेबांची गाडी यायच्या अर्धा तास आधी.

आता झाडं. झाड म्हणजे आकडा, हे एकदा डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सोपं जातं. एक तोडलं, बदल्यात दहा लावली, म्हणजे आपण नऊनं फायद्यात. जुन्या रस्त्याच्या कडेचे निंब, चिंचा, वड, दोन माणसांच्या कवेत न मावणारे, ते सगळे एक एक. आणि डिव्हायडरमधली वीतभर कण्हेर, ती पण एक. कण्हेरीशी माझं वाकडं नाही, शेळी तिला तोंड लावत नाही, रात्री समोरच्या गाडीचा लाइट अडतो, त्या कामाला ती चांगलीच आहे. पण तिला झाड म्हणून मोजता? तिच्या सावलीत कोण बसणार, सरडा? चैत्रात आपल्याकडची माणसं सप्तशृंगी गडाला पायी निघतात, बायका, म्हातारी माणसं, कडेवर पोरं, पायात कुणाच्या चप्पल कुणाच्या नाही, ती दुपारी टेकायची ती ह्याच निंबाखाली ना, एसटी चुकलेला माणूस तिथंच, कापसाचं ट्रॅक्टर बंद पडलं तर ड्रायव्हर तिथंच आडवा. ते झाड तोडायला पोकलेनला अर्धा तास लागला असेल. कुणी ओरडलंच तर पुनर्रोपण करायचं म्हणे. म्हणजे फांद्या सगळ्या छाटायच्या, मुळं बुडाशी कापायची, उरलेला ओंडका उचलून दुसऱ्या खड्ड्यात उभा करायचा, गेरू-चुन्याचे पट्टे ओढायचे, फोटो काढायचा. वर्षभरानं तो ओंडका कुणाच्या चुलीत गेला ते विचारायचं नाही. आणि पैसे नाहीत असंही नाही हो, 2015 साली हरित महामार्ग धोरण आलं, बांधकाम खर्चाच्या 1 टक्का झाडांना ठेवायचा असं त्यात लिहिलंय. 500 कोटींच्या कामात 5 कोटी होतात. 5 कोटीत मे महिन्याचं पाणी बसत नाही का? जून-जुलैत तर कुणाचंही रोप जगतं, आभाळ पाजतं त्याला. मार्च ते मे टँकर कुठे असतो? मी त्या पाऊण तासात चालत जाऊन पाहिलं, ओळीनं चाळीसेक ट्री-गार्ड, आत हिरवं पान असलेले सहा. बाकीच्यांत गुटख्याच्या पुड्या. ही सगळी मोजणीत जिवंतच असणार.

असो. चिडून उपयोग नाही, सल्ले द्यायचेत.

वाघ दिसला तर तो आपल्या हद्दीत नाही म्हणायचं. मुक्ताईनगरकडे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथं वाघ आहेत, पण त्यांचा सातबारा नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळच्या हायवेवर वर रस्ता ठेवून जनावरांना खालून जायला 9 ठिकाणी मोकळी जागा ठेवलीय आणि जनावरं जातात पण त्यातून, कॅमेऱ्यात दिसली. पण त्याला आधी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, तेवढा वेळ आपल्याकडे कुणाला आहे.

मुरूम जवळच्या टेकडीचाच घ्यावा. टेकडी संपली की खड्ड्याला शेततळं म्हणावं.

मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, तिची जागा मात्र मनापासून चुकवा. जुन्या रस्त्याखाली जिथं नाला होता, तिथून शंभर-दोनशे फूट पुढे बांधा, आणि गटार आणून कुणाच्या तरी बांधावर सोडून द्या. काळी माती, वर रस्त्याचा दहा फूट भराव, पाणी जाईल कुठे? आमच्या शेजारच्या आबांची कपाशी मागच्या पावसाळ्यात आठ दिवस पाण्यात उभी होती, पिवळी पडून गेली. आबा साइटवर गेले तर तिथला पोरगा म्हणतो, आबा, डिझाइनप्रमाणेच आहे. आबा म्हणाले, मग डिझाइनला सांग ना नाल्याला तिकडे बोलावून घे.

हसू आलं ना? मला पण तेव्हा आलं होतं. आता येत नाही. अरे पन्नास वर्षं त्या नाल्याशेजारी राहिलेला माणूस आहे तो, सर्व्हेच्या वेळी त्याला एकदा विचारलं असतं तर काय झिजलं असतं तुमचं? रस्ता नको असं आमच्यात कुणीही म्हणत नाही, जुन्या रस्त्यावर आम्ही किती माणसं गमावली ते आम्हाला माहितीये. पण मोरी नाल्यावर पाहिजे, आणि झाड कडेला पाहिजे, एवढं कळायला इंजिनिअर लागतो काय? आणि आपण पण कमी नाही. मोबदल्याच्या आकड्यासाठी पाच पाच वेळा तालुक्याला गेलो, झाडं पडत होती तेव्हा एक जण गेला नाही. लाकडं न्यायला मात्र ट्रॉल्या आल्या, त्यातली एक आमच्याच गल्लीतली. मी पण व्हिडिओच काढत होतो.

टायर बदलून निघालो तेव्हा आई मागे वळून बघत होती. म्हणाली, "आठे निंबनं झाड व्हतं, कथा गयं रे ते?" मी एसी वाढवला.

पाच जूनचे, पर्यावरण दिनाचे फोटो काढून झालेत. आता पाऊस लागलाय, माती ओली आहे, ते चौतीस रिकामे ट्री-गार्ड तसेच उभे आहेत. निंब लावा त्यात, कण्हेर नको. आणि त्या मोरीचं तोंड जेसीबीनं नाल्यापर्यंत मोकळं करून द्या, एका दिवसाचं काम आहे, आबांनी परत कपाशीच लावलीये.