‘दुखणं थांबलं म्हणजे खडा गेला’ हे साफ चूक आहे

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की नागपुरात मुतखड्याचे पेशंट वाढतात आणि तो मेसेजही फिरू लागतो: “खडा अडकला तर रोज आठ लिटर पाणी, दोन बिअर आणि पानफुटीचा रस घ्या. दुखणं थांबलं की खडा गेला समजा. स्टेंट टाकून घेऊ नका, किडनी निकामी होते.” आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या महिन्यात तो तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय.

आधी पाणी आणि बिअर. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेकदा आपोआप पडतो. बिअर पिणाऱ्याला वाटतं, बिअरनं पडला. १० मिलिमीटरचा सहसा पडत नाही. वाट बंद असताना वरून पाणी ढोसलं की किडनीवरचा दाब आणि कळ, दोन्ही वाढतात. खडा होऊ नये म्हणून इथल्या उन्हात भरपूर पाणी प्यायलाच हवं, पण ती गोष्ट वेगळी.

दुखणं थांबलं, हा सगळ्यात घातक मुद्दा. माझ्या काकांची कळ चौथ्या दिवशी गेली. मेसेजवर विसंबून त्यांनी सोनोग्राफी टाळली. तीन आठवड्यांनी, ऐन मे महिन्यात, कूलर बंद करून दोन ब्लँकेटांत ते कुडकुडत होते. खडा जागच्या जागी होता. मागे लघवी तुंबून किडनी फुगली होती, आत पू झाला होता. अडलेल्या किडनीचं काम मंदावलं की दाब उतरतो आणि कळ थांबते. किडनी मात्र मुकाट्यानं खराब होत राहते.

त्या रात्री काका वाचले ते स्टेंटमुळेच, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत घातलेल्या बारीक नळीमुळे. अडथळा आणि ताप एकत्र असले की डॉक्टर आधी खड्याला हात लावत नाहीत. तुंबलेली लघवी मोकळी करतात: दुर्बिणीतून स्टेंट टाकून, नाहीतर पाठीतून थेट किडनीत नळी घालून. काकांचा खडा संसर्ग उतरल्यावर लेझरनं फोडला. स्टेंटनं जळजळ होते, कधी लघवीतून रक्तही जातं, हे खरं. किडनीला धोका असतो तो विसरलेल्या स्टेंटचा. महिनोन्‌महिने आत राहिला तर त्याच्यावरच खडे चढतात. म्हणून काढायची तारीख काकूंनी कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवली होती.

प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडणाऱ्यांनाही मेसेज तोच रस पाजतो. लघवी पूर्ण अडली तर तिथे आधी कॅथेटर (लघवीच्या वाटेनं मूत्राशयात घातलेली नळी) लागतो, मग गोळ्या, गरज पडली तर दुर्बिणीतून ऑपरेशन.

थंडी वाजून ताप, लघवी बंद, किंवा किडनी एकच असताना कळ, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. मेडिकलची, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेज हॉस्पिटलची, कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.