प्रकाशकाला आवडेल असं भूत

झपाटलेल्या वाड्याची कथा लिहायला बसलात? बरं केलंत. दिवाळी अंकवाले भर पावसाळ्यात साहित्य मागवतात, तेव्हा घाई करा. पण आधी गाव कुठलं ते सांगा. परभणी, बीड, धाराशिव? मग जरा अवघड आहे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या डोक्यात भुताचा कायमचा पत्ता कोकणातला. माड, पोफळी, काठोकाठ भरलेली विहीर आणि आठ दिवस न थांबलेला पाऊस. हे सगळं तुम्हाला उसनं आणावं लागेल.

पावसापासूनच सुरुवात करा. आपल्या मराठवाड्यात कोकणाच्या जेमतेम चौथाई पाऊस पडतो, हे संपादकाला कळू देऊ नका. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेही बोलू नका. मग विहिरीचा प्रश्न. हडळ विहिरीतूनच वर यायला पाहिजे, असा नियम आहे. आमची विहीर बहात्तरच्या दुष्काळात आणखी खोल केली, पुढं तीही आटली, आता बोअर आहे. साडेसहा इंची केसिंगमधून कुठली हडळ वर येईल? आणि आलीच, तर आठशे फूट चढून आलेली बाई आधी घोटभर पाणीच मागील.

वाडा मात्र आपल्याकडे अस्सल मिळतो. दिंडी दरवाजा, ढाळज, माळवद, धान्य साठवायचं भिंतीतलं बळद, सगळं आहे. पण हे शब्द वापरू नका. माळवदाला 'गच्ची' म्हणा, ढाळजेला 'दिवाणखाना'. पहिल्या पानावर 'अस्सल मातीतली कथा' असं छापायचं असतं, म्हणून आतली माती थोडी चाळून घ्यावी लागते. माझ्या कथेत म्हातारी म्हणाली होती, "वाड्यात कोणतरी हिंडायलंय, बापू." छापताना झालं, "वाड्यात कोणीतरी वावरत आहे, बाळ." त्या एका वाक्यानं म्हातारी सदाशिव पेठेत राहायला गेली.

निजाम हवाच. सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीसच्या आदल्या रात्री पुरलेला मोहरांचा हंडा आणि त्यावर बसलेला खवीस, एवढं दिलं की निम्मी कथा झाली. वाडा आज पडका का आहे, ते सांगत बसू नका. खरं कारण सातबारावर नऊ वारसांची नावं आणि दिवाणी कोर्टात तिसऱ्या पिढीची तारीख. हे लिहिलंत तर भुताचाही हिस्सा काढावा लागेल. मांत्रिक आणायचा असेल तर जपून आणा. 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. शेवटी मांत्रिकाला अटक दाखवली तर कथा 'सामाजिक' ठरते आणि वेगळ्या पारितोषिकाला पाठवता येते.

आता काय लिहायचं नाही, ते नीट ऐका.

पेव लिहायचं नाही. जमिनीखालच्या त्या धान्याच्या कोठारात दाणे श्वास घेतात, प्राणवायू संपतो, जड हवा तळाशी साचते. न बघता उतरलेला माणूस वर येत नसे, त्याला काढायला उतरलेलाही येत नसे. म्हणून जुनी माणसं आधी कंदील खाली सोडायची आणि तो विझला तर तोंड उघडं ठेवून वाट बघायची. घरानं माणूस गिळण्याचा याहून सोपा प्रकार मला ठाऊक नाही. पण संपादक म्हणाले, "यात भूत कुठं आहे?"

भूकंप तर मुळीच नको. रात्री बाराचे ठोके ही पुस्तकातली वेळ. किल्लारीकडं घराची भीती वाटते ती पहाटे 3 वाजून 56 मिनिटांची. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार, उन्हाळ्यात ज्या घरांनी गारवा दिला तीच अंगावर आली. त्यानंतर कित्येकांनी छताखाली झोपणं सोडलं, अंगणात पत्र्याखाली झोपू लागले. नुसती घरं नाही, 52 गावंच्या गावं नव्या जागी हलवली. घराला भ्यायलेली एवढी माणसं कुठल्या कथेत सापडणार? पण त्यात किंकाळी एकदाच आहे आणि मालिका काढायची तर दर भागाला एक लागते.

आणि दसरा-दिवाळीनंतरचा बीड जिल्हा नको. गावची गावं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. दाराला कुलूप, आत म्हातारी, तीही दिवसभर कुणाची चाहूल नाही म्हणून स्वतःशीच बोलत बसते. मी नेमकी तीच कथा लिहून पाठवली. महिनाभरानं फोन आला. "छान आहे हो, पण भीती वाटत नाही, वाईट वाटतं. पांढऱ्या साडीतली एखादी बाई टाका ना."

टाकली. पहाटे चारला फडात उभी केली, डोक्यावर मोळी, मागं पाचटाची सळसळ. साडी मात्र पांढरी ठेवता आली नाही, उसाच्या फडात पांढरं टिकत नाही.

कथा परत आली आहे. कुणाला कोकणात विहीर भाड्यानं मिळत असेल तर कळवा.