सर्च कन्सोलचं बटण दाबून साइट वर येत नाही

एक मेसेज सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. मला तो तीन ग्रुपांतून आला आणि चौथ्यांदा आत्याने पाठवला, खाली "हे आपल्या साइटला करून दे रे" असं लिहून. आत्या मराठीत रेसिपी लिहिते, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर. मी पोटापाण्यासाठी लोकांच्या वेबसाइट सांभाळतो, त्यामुळे घरची साइट माझ्याच गळ्यात.

मेसेज थोडक्यात असा (सर्च कन्सोल म्हणजे साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन): "गूगलच्या पहिल्या पानावर यायचंय? एजन्सीला पैसे देऊ नका. एक, साइट सर्च कन्सोलमध्ये जोडा, जोडलेल्या साइटना गूगल प्राधान्य देतं. दोन, साइटमॅप रोज नव्याने सबमिट करा. तीन, प्रत्येक पानासाठी रोज रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबा. चार, नॉट इंडेक्स्डचा आकडा शून्यावर आणा. पाच, अॅव्हरेज पोझिशन १०च्या आत आली म्हणजे तुम्ही पहिल्या पानावर. सहा, गेल्या वर्षीपेक्षा क्लिक घटले तर पेनल्टी बसली समजा आणि वाईट लिंक डिसअव्हाव करा. ७ दिवसांत फरक दिसेल."

एजन्सीला पैसे देऊ नका, हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं. बाकीचं बघू.

"जोडलेल्या साइटना प्राधान्य." अजिबात नाही. साइट जोडताना गूगल एवढंच विचारतं की ही साइट तुमचीच कशावरून? मग तुम्ही डोमेनच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावाच्या नोंदवहीत) एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक ओळ, टाकता, किंवा दिलेली फाइल सर्व्हरवर चढवता, किंवा होमपेजवर एक टॅग लावता. झाली मालकी सिद्ध. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून शेतात पीक वाढत नाही, तसंच हे. २००५ साली हे साधन 'गूगल साइटमॅप्स' नावाने आलं, २००६ मध्ये 'वेबमास्टर टूल्स' झालं आणि २०१५ मध्ये 'सर्च कन्सोल'. आमच्या धंद्यातले जुने लोक अजून वेबमास्टर टूल्सच म्हणतात. नाव दोनदा बदललं, काम तेच राहिलं: गूगलला तुमची साइट कशी दिसते ते तुम्हाला दाखवणं. न जोडलेली साइटही शोधात येते, आणि जोडून पुन्हा कधीच न उघडलेली साइट जिथे होती तिथेच राहते.

"साइटमॅप रोज सबमिट करा." साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची फाइल. तो एकदा दिला की पुरे. गूगल तो पुन्हा पुन्हा येऊन स्वतःच वाचतं. नवा साइटमॅप तयार झाल्याची वर्दी देणारी 'पिंग'ची सोय होती, तीही गूगलने २०२३ मध्ये बंद करायला घेतली, कारण त्या वाटेने येणारा बराचसा माल कचरा होता. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात. आत्याच्या रेसिपी तीनशेच्या आत आहेत. वर्डप्रेसची काही प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) प्रत्येक पानापुढे प्रायॉरिटीचा आकडा भरतात, गूगल तो वाचतही नाही. 'लास्टमॉड', म्हणजे पान शेवटचं कधी बदललं ती तारीख, मात्र वाचतं, पण खरी असेल तरच. सगळ्या पानांवर रोज आजची तारीख लावली की गूगलचा त्या तारखांवरचा विश्वास उडतो, आणि खरंच बदललेलं पानही त्याच रांगेत जातं.

"रोज रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबा." हे बटण म्हणजे पान इंडेक्समध्ये, गूगलच्या संग्रहात, घ्या अशी विनंती. इथे जरा थांबतो, कारण यात आम्ही स्वतः पोळलोय.

आत्याची साइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली. पहिले काही महिने ती गूगलमध्ये सापडेचना. आत्या नेमाने सकाळी चहा घेत कन्सोल उघडायची, एकेका रेसिपीचा पत्ता टाकायची आणि बटण दाबायची. दिवसाचा कोटा संपला की दुसऱ्या दिवशी पुढच्या रेसिपी. मला सांगितलं नाही, कारण "तू कामात असतोस". शेवटी गणपतीत घरी गेलो तेव्हा तिने मोबाइल पुढे केला. यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये (एकेका पानाची गूगलकडची स्थिती दाखवणाऱ्या भागात) लिहिलेलं स्वच्छ होतं: पानावर 'नोइंडेक्स' सापडला, इंडेक्सिंगला परवानगी नाही. साइटमॅपच्या रकान्यातही "आणता आला नाही" असा शेरा. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या पानावर, अगदी तळाशी, एक चौकट असते: सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये. साइट तयार होत असताना तिथे टिक करतात, ती काढायची राहून गेली होती. ती टिक असली की वर्डप्रेस प्रत्येक पानावर नोइंडेक्स छापतं आणि स्वतःचा साइटमॅपही बंद ठेवतं. म्हणजे एका दाराने आत्या रोज "या, या" म्हणत होती आणि दुसऱ्या दारावर "येऊ नये" अशी पाटी आमचीच. टिक काढली, सेव्ह केलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

बटण निरुपयोगी नाही. नवं पान टाकलं किंवा मोठी चूक दुरुस्त केली की एकदा दाबावं. त्यानंतर काही दिवस लागतात, कधी काही आठवडे, आणि पान घेतलंच जाईल अशी हमी गूगल देत नाही. त्याच पानासाठी पुन्हा पुन्हा दाबून रांग पुढे सरकत नाही, हेही गूगलनेच लिहून ठेवलंय. तलाठ्याकडे एकाच कामाचे दहा अर्ज टाकून बघा, तसंच. बटणाच्या वर जे लिहिलेलं असतं ते वाचणं जास्त कामाचं.

याच मेसेजचा एक मोठा भाऊही फिरतो, की इंडेक्सिंग एपीआय (प्रोग्राममधून गूगलला थेट कळवायची सोय) वापरा, पान लगेच घेतात. ती सोय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाचे व्हिडिओ, एवढ्यासाठीच आहे. थालीपीठ त्यात बसत नाही.

"नॉट इंडेक्स्ड शून्यावर आणा." हा सल्ला नुसता चुकीचा नाही, नुकसान करणारा आहे. इंडेक्सबाहेर राहिलेल्या पानांच्या त्या करड्या आकड्यात बहुतेक पानं अशी असतात जी बाहेरच राहायला हवीत: दुसरीकडे वळवलेले पत्ते, काढून टाकलेली पानं, एकाच मजकुराच्या दोन प्रती, मुद्दाम नोइंडेक्स केलेली पानं. आत्याच्या साइटवर यात सगळ्यात मोठा वाटा फोटोंचा होता. जुन्या वर्डप्रेसमध्ये चढवलेल्या प्रत्येक फोटोचं एक वेगळं रिकामं पान तयार व्हायचं. नव्या साइटवर ही खोड ६.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या शेवटापासून, बंद झाली. चिरलेल्या कोथिंबिरीच्या फोटोचं स्वतंत्र पान गूगलमध्ये हवंय कुणाला? आकडा शून्य करायच्या नादात लोक असली पानं आत ढकलत बसतात.

त्या यादीत एक ओळ मात्र डोळे उघडे ठेवून वाचावी: 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड'. गूगल आलं, पान पाहिलं आणि ठेवून घ्यावंसं वाटलं नाही. कारण सांगत नाही, ते आपण शोधायचं. आत्याच्या यादीत इथे चौदा पानं होती. उघडून पाहिली तर त्यातल्या अकरा पानांवर आजीच्या वहीचे फोटो होते, शाईने लिहिलेली कृती, कडेला तेलाचे डाग, आणि टाइप केलेली ओळ एकच: "आईची आठवण". आम्हाला ते पान बघून गहिवरून येतं, गूगलला तिथे वाचायला काही मिळत नाही. दोन पानांवर जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवलेला होता. तो फॉन्ट नसेल तर 'मोदक'च्या जागी नुसती रोमन अक्षरांची खिचडी. आत्याने दिवाळीच्या सुट्टीत सगळं युनिकोडमध्ये टाइप केलं, वहीचे फोटो खाली ठेवले. नऊ पानं पुढे आत गेली. पाच नाही गेली, आणि का नाही ते मलाही उमगलेलं नाही.

"अॅव्हरेज पोझिशन १०च्या आत म्हणजे पहिलं पान." शोधात साइट सरासरी कितव्या क्रमांकावर दिसली, तो हा आकडा. सरासरीने फसायचं असेल तर उत्तम. एक काल्पनिक हिशोब करू. समजा एका महिन्यात तुमची साइट २० वेळा दिसली, दर वेळी कुणीतरी साइटचंच नाव टाकून शोधलेलं, दर वेळी पहिला क्रमांक. सरासरी १. पुढच्या महिन्यात ते २० तसेच, शिवाय 'खुसखुशीत चकली' असल्या नव्या शोधांत तुम्ही ८० वेळा दिसलात, २१ व्या क्रमांकावर. आता सरासरी १७. आकडा पडला, पण साइट वाढली! उलट ज्या शोधात तुम्ही आठव्या पानावर आहात आणि तिथवर कुणी जातच नाही, तो शोध सरासरीत मोजलाच जात नाही. कारण पोझिशन फक्त दिसलेल्या वेळांची असते.

म्हणून वरचा मोठा आकडा सोडा, खालचा क्वेरीचा, म्हणजे लोकांनी टाकलेल्या शोधांचा, तक्ता उघडा. खरा माल तिथे आहे. (त्याची बेरीज वरच्या एकूण क्लिकशी जुळणार नाही. फार थोड्या लोकांनी विचारलेले शोध गूगल खासगीपणासाठी लपवतं, शिवाय तक्ता १,००० ओळींवर थांबतो.) आत्या पानाला शीर्षक द्यायची 'बाप्पाचा लाडका खाऊ'. तक्त्यात लोक विचारत होते उकडीचे मोदक, मोदकाची उकड, मोदक फुटतात काय करावं. आणि निम्म्याहून जास्त लोक हेच सगळं रोमन लिपीत टाइप करत होते. पान दिसत होतं भरपूर वेळा, उघडत होतं कुणीच नाही. शीर्षक बदलून 'उकडीचे मोदक: उकड न फुटण्यासाठी' केलं. फुटतात कशाने, यावर तिने दोन परिच्छेद नव्याने लिहिले, पिठी जुनी असली तर पाणी किती वाढवायचं ते धरून. क्लिक यायला लागले ते तिथून.

जाता जाता: वर्डप्रेस पानाचा पत्ता शीर्षकावरून बनवतं आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा तिथे ९ चिन्हं खाते. 'उकडीचे मोदक करण्याची सोपी पद्धत' हा पत्ता 'सोप'वरच तुटतो. क्रमांकावर याचा फार परिणाम होत नाही, पण मैत्रिणीला लिंक पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ जाते. आता आम्ही पत्ता रोमनमध्ये, छोटा ठेवतो.

"क्लिक घटले म्हणजे पेनल्टी, लिंक डिसअव्हाव करा." गूगलच्या माणसाने खरोखर कारवाई केली असेल तर ती कन्सोलमध्ये मॅन्युअल अॅक्शन्सखाली लिहून येते. तिथे काही नसेल तर असली पेनल्टी नाही. डिसअव्हाव, म्हणजे इतर साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका नाकारायचं साधन, २०१२ मध्ये आलं ते विकत घेतलेल्या लिंकांच्या भानगडीत अडकलेल्यांसाठी. बहुतेक साइटना त्याची गरज नाही असं गूगल स्वतः सांगतं, आणि ते कन्सोलच्या मेन्यूतही ठेवलेलं नाही. अंदाजाने यादी भरलीत तर चांगल्या लिंकाही स्वतःच्या हाताने नाकाराल.

मग क्लिक घटले कसे? आधी कालनिर्णय काढा. कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, त्यामुळे गेल्या वर्षीशी तुलना करता येते, पण त्याला तारीख कळते, तिथी कळत नाही. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना केली तर मोदकाचं पान २०२५ मध्ये दाणकन आपटलेलं दिसतं, आणि आत्याचा फोन येतो. तुलनेत कस्टम तारखा टाकायच्या: २०२५ चे १३ ते २६ ऑगस्ट, समोर २०२४ चे २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. चतुर्थीच्या आधीचे १४ दिवस, दोन्हीकडे सारखे. तसं पाहिलं तर पान वाढलेलं निघालं. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे ऑगस्टचा आलेख पुन्हा खाली झुकलेला दिसणार. आत्याला आत्ताच सांगून ठेवलंय.