एक्सल शाफ्ट बदला, फार विचार न करता

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा मागचा एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटला की आधी दोष ठरवून टाका: पोलाद हलकं होतं. खडकात चाक अडकलेलं असताना लो गिअरमध्ये क्लच झटक्यात सोडला होता, ही गोष्ट मेकॅनिकला सांगायची गरज नाही.

मग हँडब्रेक ओढा आणि निर्धास्त गाडीखाली शिरा. बऱ्याच जुन्या जीपांत हा ब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर (मागच्या एक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर) असतो. तो ब्रेक प्रोपेलर शाफ्ट घट्ट धरून ठेवतो, पण डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) पलीकडे तुटलेल्या शाफ्टची बाजू मोकळीच फिरत असल्याने गाडी धरली जात नाही. जमिनीला जरा उतार असला की हे आपोआप समजतं. चाकांना दगड लावतात ते भित्रे लोक!

एक्सल फुल-फ्लोटिंग असेल (म्हणजे गाडीचं वजन शाफ्टवर नसेल) तर चाकसुद्धा उतरवावं लागत नाही; हबवरच्या (चाक बसतं त्या भागावरच्या) फ्लँजचे, म्हणजे शाफ्टच्या चकतीचे, बोल्ट सोडले की शाफ्ट सरळ बाहेर येतो. इतक्या सोप्या कामाला काम म्हणवत नाही, म्हणून तुम्ही चाक काढा, ड्रम ठोका, जमल्यास हबही खोला. (सेमी-फ्लोटिंगमध्ये चाक शाफ्टवरच बसतं, तिथं हे खरंच करावं लागतं. त्यात कसली मजा?)

हाती येतो तो अर्धाच शाफ्ट. आतला तुकडा डिफरन्शियलच्या गिअरमध्ये स्प्लाइनसकट (टोकावरच्या उभ्या खाचांसकट) बसलेला असतो. नवा शाफ्ट त्यावरच ठोका. चुंबक घालून तुकडा ओढत बसायला वेळ कुणाला आहे?

तो निघालाच, तर त्याचं तुटलेलं तोंड अजिबात पाहू नका. एका बाजूला काळपट, लाटांसारख्या रेषा आणि उरलेल्या भागात ताजी चकाकी दिसली, तर तडा आधीपासूनच होता हे कळेल, आणि मग दुसऱ्या बाजूचा तितकाच जुना शाफ्ट झोप उडवील. स्प्लाइनना पीळ पडलेला असेल तर तो तुमच्या डाव्या पायाविरुद्धचा पुरावा आहे. ताबडतोब भंगारात.

नवा शाफ्ट आणताना लांबी मोजू नका, डावा-उजवा विचारू नका, स्प्लाइन तर मुळीच मोजू नका. जुन्या लँड रोव्हरना 10 स्प्लाइनचे शाफ्ट होते, त्याच कंपनीच्या नंतरच्या डिफेंडरना 24 चे आले. दुकानदार देईल तो आपला.

गिअर ऑइलही तेच राहू द्या, त्यातला पोलादाचा चुरा क्राउन-पिनियनला (एक्सलमधल्या मुख्य गिअरजोडीला) घासून चकचकीत करील. ऑइल सीलही जुनंच चालवा. ते गळून ब्रेक शूजवर तेल उतरलं, तरी चढावर काही अडत नाही.