‘तुम्ही अजून पाहिला नाहीत?’

पूर्वी लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट घेऊन आग्रह करत फिरणारे एक गृहस्थ हमखास असत, आणि त्यांच्यापासून बचाव करण्याचा एक सर्वमान्य उपायही असे: पानावर आडवा हात धरायचा. हट्टी वाढपी त्या हातावरही जिलबी ठेवत, ही गोष्ट वेगळी. पण आपण नको म्हणत होतो हे निदान चार लोकांना दिसत तरी असे. पुढे पंगती गेल्या, बुफे आले आणि बेकार झालेला तो सगळा आग्रह चित्रपट आणि वेब सिरीजकडे वळला. ‘तुम्ही अजून पाहिला नाहीत?’ या प्रश्नापुढे आडवा धरता येईल असा हात परमेश्वराने कोणालाच दिलेला नाही.

या प्रश्नातला ‘अजून’ हा शब्द जपून ऐकावा. ‘अजून लग्न नाही?’ आणि ‘अजून भाड्यानेच राहता?’ या प्रश्नांत जो ‘अजून’ असतो, तोच हा. त्याला ‘नाही’ म्हटले की गोष्ट ऐकावी लागते आणि ‘पाहिला’ म्हटले की तोंडी परीक्षा सुरू होते. अनेक वर्षांच्या अनुभवानंतर मी ‘शेवट मात्र धक्कादायक होता’ हे एक उत्तर तयार ठेवले आहे. ते बहुतेक ठिकाणी चालते. शिवाय कोणी बळेच काही पाहायला बसवले, तर दर दहा-बारा मिनिटांनी ‘अरे वा!’ म्हणण्याचाही मी सराव केला आहे.

या दोन्ही शस्त्रांचा पराभव माझ्या धाकट्या मेहुण्याने केला. भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतले, ताटात पाकीट ठेवले आणि टीव्हीचा रिमोट हातात घेऊन म्हणाला, “भावजी, तुम्ही ‘कोर्ट’ पाहिला नाही म्हणजे मराठी चित्रपटच पाहिला नाही.” पाठोपाठ त्याने 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला मिळालेले सन्मान, त्याच वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि ऑस्करसाठी भारतातर्फे झालेली निवड, असा सगळा बायोडाटा वाचून दाखवला. एवढ्या शिकलेल्या स्थळाला नाही कसे म्हणणार?

चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट उत्तम आहे, हे मी आज पूर्ण शुद्धीवर असताना लिहून देतो. परंतु त्यातला कॅमेरा पुढची तारीख मिळण्याची वाट पाहणाऱ्या पक्षकारासारखा एका जागी शांत बसून राहतो, आणि मी मात्र श्रीखंड-पुरीचे जेवण व त्यावर दोन अनारसे अशा अवस्थेत लोडाला टेकलेला होतो. त्यातून मेहुण्याची दृष्टी पडद्यावर नव्हती; ती माझ्या चेहऱ्यावर होती. पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे पुढे करणारी मुलगीदेखील इतक्या बारकाईने न्याहाळली जात नसेल. मधूनच तो पुढे झुकून “हां, आता बघा” म्हणे आणि मी सावरून बसे. मग सरकारी वकीलबाई लोकलने घरी जात आणि स्वयंपाकाला लागत. स्फोट, पाठलाग किंवा निदान थोबाडीत यांपैकी काहीतरी होईल या आशेने मी ‘अरे वा!’ ओठांवर आणून ठेवी आणि तसेच गिळून टाकी. अगदी साध्या वागण्यातून माणूस आणि त्याचे न्यायालय उघडे पाडणे हेच त्या चित्रपटाचे मर्म आहे, हे मला पुढे एकट्याने पुन्हा पाहिल्यावर कळले. त्या वेळी माझ्यावर कोणाची नजर नव्हती.

शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. तो बराच वेळ काळाच राहिला. मी उठलो, पाठ मोकळी केली आणि जाहीर केले, “अप्रतिम! शेवट मात्र धक्कादायक होता.”

“भावजी, बसा,” मेहुणा म्हणाला. “संपलेला नाही.”

त्यानंतर न्यायाधीश महाशय कुटुंबासह सहलीला जातात, एका बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो आणि पोरे ओरडून त्यांना जागे करतात. ती पोरे नेमकी कुठून आली हे मला पहिल्या खेपेस समजले नाही, कारण तोवर मीही न्यायाधीशांच्याच मार्गाने गेलो होतो आणि त्यांच्याबरोबरच दचकून उठलो. मेहुण्याने एक अक्षर न बोलता टीव्ही बंद केला. बहिणीला मात्र त्याने जाताना दारात बराच वेळ काहीतरी सांगितले.

चित्रपट निदान दोन तासांत आटोपतो. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने ‘ब्रेकिंग बॅड’ सुचवले, तेव्हा मी सवयीने हिशेब मांडला: भाग 62, प्रत्येकी पाऊण तास धरला तरी साडेसेहेचाळीस तास. वर त्याचा शेरा असा, की पहिला सीझन जरा संथ आहे, पण पुढे पकड घेतो. पहिली पाच वर्षे सोसली की नवरा सुधारतो, असा धीर माझी आजी शेजारच्या सुनांना देत असे, त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्याने 73 भागांच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची तोंडभरून स्तुती केली आणि ‘शेवटचा सीझन तेवढा बघू नका’ अशी पुस्तीही जोडली. संपूर्ण यात्रा करा, फक्त देवळात जाऊ नका!

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ‘तुंबाड’ 2018 साली आला तेव्हा त्याला बेताचीच गर्दी होती. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. तेव्हापासून हे गृहस्थ असे चालतात, की जणू त्या कमाईत त्यांचा हिस्सा आहे. “मी तेव्हाच म्हणालो होतो,” हे वाक्य ते बागेच्या प्रत्येक फेरीला एकदा उच्चारतात. त्यांनी तेव्हा काय म्हटले होते हे आमच्यापैकी कोणालाही आठवत नाही.

हे सारे भोगलेल्या माणसाने स्वतः कोणाला काही सुचवू नये, हे खरे. पण दहावीच्या सुट्टीत भाचा राहायला आला आणि त्याने ‘अशी ही बनवाबनवी’ पाहिलेला नाही असे कळले, तेव्हा माझ्या तोंडून जे बाहेर पडले ते या लेखाचे शीर्षक होते.

त्याला मी बसवले. 1988 सालचा चित्रपट, दिग्दर्शन सचिन पिळगावकर, पटकथा वसंत सबनीस, असा बायोडाटा मीही वाचला. भाच्याने मोबाइलवर दोन मिनिटे बोट फिरवले आणि म्हणाला, “मामा, हा ओरिजिनल नाहीये. 1966 च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी पिक्चरवरून घेतलाय.” मी त्याला गप्प बसायला सांगितले. पुढे एक अजब गोष्ट घडली. धनंजय माने नेमके कुठे राहतात, ही चौकशी पडद्यावर होण्याच्या आधीच तो हसला. पुढच्या विनोदालाही आधीच हसला. ही सगळी वाक्ये त्याला व्हॉट्सॲपच्या स्टिकरांमुळे तोंडपाठ होती; ती एका चित्रपटातली आहेत, एवढेच ठाऊक नव्हते.

“मामा, तू पिक्चर बघ ना. माझ्याकडे काय बघतोयस?”

“हां, आता बघ,” मी म्हणालो.

चित्रपट संपल्यावर त्याने ‘छान आहे’ असा निकाल दिला आणि लगेच फेड मागितली: आता मी ‘वन पीस’ पाहायचे. ही जपानी मालिका 1999 साली सुरू झाली आणि तिचे अकराशेहून अधिक भाग झाले आहेत. रोज एक तास दिला तरी सव्वा वर्ष, आणि तोवर नवे भाग येतच राहणार. सौदा अखेर दहा भागांवर तुटला. तिसऱ्या भागाच्या सुमारास मला जाणवले, की भाचा पडद्याकडे पाहत नसून पुढे झुकून माझ्याकडे पाहतो आहे. मी ताबडतोब म्हणालो, “अरे वा!”

“मामा,” तो म्हणाला, “ते अजून यायचंय.”